खेळाचं स्ट्रीमिंग अडतं तेव्हा: दोष कुठे शोधायचा आणि दाद कुठे मागायची

प्रश्न असा आहे: खेळांच्या स्ट्रीमिंगचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं आहे. मोठ्या सामन्यात चित्र अडतं, घरातली स्पीड टेस्ट मात्र १०० एमबीपीएस दाखवते. कस्टमर केअर दर वेळी ‘कॅशे क्लिअर करा, अ‍ॅप काढून पुन्हा टाका’ एवढंच सांगतं. कंटाळून सबस्क्रिप्शन रद्द केलं, तरी पुढच्या महिन्यात पैसे कापले गेले. आता करायचं काय?

यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींची टेबलं वेगळी आहेत. चित्र अडतं त्याची दाद तांत्रिक विभागाकडे लागते. पैसे कापले त्याची दाद ज्याने ते कापले त्याच्याकडे लागते, आणि तो दर वेळी स्ट्रीमिंग कंपनीच असतो असं नाही. चॅटवर समोर बसलेल्या माणसाच्या हातात यातलं फार थोडं असतं. त्याच्यापुढे ठरलेल्या पायऱ्या असतात आणि ‘चित्र अडतंय’ एवढ्या शब्दांवर त्यातली पहिली पायरी ‘कॅशे क्लिअर करा’ हीच निघते. त्याला पुढे सरकवायचं तर दोष कुठे आहे हे आधी आपण ठरवून पुराव्यासकट सांगावं लागतं. पंधरा मिनिटांचं काम आहे, फक्त ती पंधरा मिनिटं सामना चालू असतानाच काढावी लागतात.

स्पीड टेस्ट चांगली, तरी सामना का अडतो

थेट सामना आपल्याकडे सलग धारेने येत नाही, तुकड्यातुकड्याने येतो. मैदानावरचं चित्र कंपनीच्या एन्कोडरमध्ये जातं, तिथे त्याच्या कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रती बनतात आणि प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आजही फार मोठ्या प्रमाणावर चालते. तिच्यात तुकडा सहा सेकंदांचा ठेवावा अशी अ‍ॅपलची शिफारस आहे. फुल एचडी चित्र साधारण ६ एमबीपीएसने येत असेल, तर सहा सेकंदांचा एक तुकडा ३६ मेगाबिटचा, म्हणजे साडेचार मेगाबाइटचा झाला. आपल्या टीव्हीला दर सहा सेकंदांनी असा एक तुकडा पूर्ण उतरवून घ्यायचा असतो.

आता बघा, एखादा तुकडा सहाऐवजी सात सेकंदांत उतरला तर जवळच्या साठ्यातला एक सेकंद खर्ची पडला. एचएलएसच्या नियमानुसार थेट प्रक्षेपण सुरू करताना तयार तुकड्यांच्या यादीच्या टोकापासून किमान तीन तुकडे मागे राहायचं असतं, म्हणून साठा साधारण अठरा सेकंदांचा असतो. प्रत्येक तुकडा एक सेकंद उशिरा आला तर सुमारे दोन मिनिटांत साठा संपतो आणि गोल फिरायला लागतं. चित्रपट बघताना हे जाणवत नाही, कारण तो आधीच तयार असतो आणि अ‍ॅप पुढचा बराच भाग ओढून ठेवू शकतं. सामन्यातला पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, तो आधी साठवणार कसा? त्यामुळे ज्या लाइनवर चित्रपट सुरळीत चालतात, तिथेच सामना अडू शकतो.

स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी एकदम अनेक जोडण्या उघडते आणि दहा-पंधरा सेकंदांत लाइन जास्तीत जास्त किती ओढते ते मोजते. सामन्याला महत्त्वाचं असतं ते वेगळंच: दर सहा सेकंदांनी, न चुकता, तीन तास. चार सेकंदांचा एक खड्डा सरासरीत दिसत नाही, तुकड्याला मात्र नडतो. एचडीला ६ ते ८ आणि ४केला १६ ते २५ एमबीपीएस हा ढोबळ हिशेब, त्याच्या दुप्पट वेग सलग मिळत असेल तर लाइनचा आकडा पुरेसा आहे. १०० एमबीपीएसच्या घरात वेग वाढवून घेण्यावर पैसे घालवू नयेत, दोष वेगात नाही.

चित्र कसं अडतं ते आधी नीट बघा

चित्र आधी मऊ पडलं, खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे विरघळल्यासारखे झाले आणि मग अडलं, तर तुकडे उशिरा पोचत आहेत. अ‍ॅपने दर्जा खाली आणून बघितला, तोही पुरला नाही. हा दोष बहुधा आपल्या घरात किंवा घरापासून सीडीएनपर्यंतच्या वाटेवर असतो. सीडीएन म्हणजे कंपनीचे तुकडे साठवून वाटणारे ठिकठिकाणचे सर्व्हर.

चित्र लख्ख असतानाच एका क्षणी गोठलं आणि काही सेकंदांनी पुढे उडी मारून सुरू झालं, तर तुकडा तयारच झाला नाही किंवा सर्व्हरने दिला नाही अशी शक्यता वाढते. वाय-फाय क्षणभर तुटलं तरी असंच दिसतं, म्हणून एवढ्यावरून निकाल लावू नका. आवाज चालू आणि चित्र गोठलेलं असेल, तर टीव्हीचं हार्डवेअर किंवा अ‍ॅप दमलेलं असतं.

मग ही चाचणी करा. टीव्हीवर सामना अडत असताना तोच सामना फोनवर घरच्या वाय-फायवरून लावा. अनेक योजनांत एका वेळी एकच स्क्रीन चालते, तशी तुमची असेल तर आधी टीव्हीवरचा सामना बंद करा. पाच मिनिटं बघून वाय-फाय बंद करा आणि मोबाईल डेटावर आणखी पाच मिनिटं बघा. फोन दोन्हीकडे अडला तर दोष बहुधा कंपनीकडे आहे आणि घरातलं काहीही बदलून उपयोग नाही. फोन वाय-फायवर अडला पण मोबाईल डेटावर चालला तर घरचं इंटरनेट. फोन दोन्हीकडे चालला आणि टीव्हीच अडला तर टीव्ही, त्याचं अ‍ॅप किंवा टीव्हीपर्यंत पोचणारं वाय-फाय. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवा आणि अडलेल्या चित्राचा, त्यावर एरर कोड असेल तर त्यासकट, फोटो काढा. पुढे तक्रारीत हेच कामी येतं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इथे कस्टमर केअरचा सल्लाच नुकसान करतो. सामना रंगात असताना अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. तसं केलं की लॉगआउट होतं. लॉगिन, सबस्क्रिप्शनची तपासणी आणि व्हिडिओचं वाटप ही कामं वेगवेगळे सर्व्हर करतात, आणि मोठ्या सामन्यात बऱ्याचदा लॉगिनचा सर्व्हर आधी गुदमरतो, कारण बाहेर पडलेले सगळे एकाच वेळी दारावर येतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषक अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या माइक टायसन-जेक पॉल मुष्टियुद्धाला नेटफ्लिक्सवर एका वेळी साडेसहा कोटी स्ट्रीम चालू होत्या आणि असंख्य लोकांचं चित्र अडत होतं. अशा गर्दीत लॉगिन झालेलं अ‍ॅप हातात असणं फार मोलाचं आहे. कॅशे साफ करायची तर आदल्या दिवशी करा. सामन्याच्या अर्धा तास आधी लॉगिन तपासा, समालोचन सुरू होईपर्यंत थांबू नका.

दोष घरात निघाला तर

आधी राउटरपासून टीव्हीला नेटवर्कची (लॅन) केबल लावून बघा. बऱ्याच टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे स्पीड टेस्टमध्ये तो वाय-फायपेक्षा कमी दिसतो आणि लोक केबल काढून टाकतात. ४केलाही २५ पुरतात, तेव्हा १०० च्या पोर्टने काहीच बिघडत नाही. केबलवर खड्डे पडत नाहीत, हा तिचा खरा फायदा.

केबल शक्य नसेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर न्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर त्यांच्यावरच भांडत असतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, नाहीतर टीव्ही मनाला येईल तिकडे उडी मारत राहतो. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ क्षीण होतं. मग राउटरच हलवावा लागतो.

दुसरं कारण फार कमी लोक तपासतात: अपलोड. कुणाच्या तरी फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असतात, अपलोडची वाट भरून जाते आणि राउटरमध्ये रांग लागते. तुकडा मागण्याची छोटीशी विनंतीही त्याच रांगेत अडकते. ओळखायचं असं: संगणकावरून कुठल्याही सर्व्हरला पिंग लावून ठेवा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसत राहतं. एरवी २० मिलिसेकंद येणारा आकडा बॅकअप चालू होताच ३०० वर जात असेल तर रोग सापडला. बॅकअप रात्रीवर टाका, किंवा राउटरमध्ये क्यूओएस वा एसक्यूएमची (रांग आवरणारी) सोय असेल तर ती लावून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा.

डीएनएसही बघा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा. वेगवान म्हणून कुणीतरी सुचवलेला डीएनएस टाकलेला असेल, तर सीडीएनला आपण नेमके कुठे आहोत हे कधी कधी कळत नाही आणि तो लांबच्या सर्व्हरकडे पाठवतो. राउटरमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करून एक सामना बघा. व्हीपीएन चालू असेल तर तो सगळ्यात आधी बंद करा.

टीव्हीचं रिमोटवरचं बटण दाबून टीव्ही बंद होत नाही, झोपतो. प्लग काढून मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा. तसंच टीव्हीतली तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते पाहा. अ‍ॅपला मिळणारी परवानगी ठराविक मिनिटांपुरती असते, घड्याळ चुकलेलं असेल तर ती मिळताक्षणीच संपलेली ठरू शकते आणि व्हिडिओ सुरूच होत नाही. तेव्हा पडद्यावरचा एरर कोड नेटवर्कचा वाटतो आणि माणूस तासभर राउटरशी झगडत बसतो.

चित्र अडत नाही, पण धूसरच राहतं

इथे नेटचा संबंध बऱ्याचदा नसतोच. अँड्रॉइडवर कॉपी रोखण्यासाठी वाइडवाइन नावाची यंत्रणा आहे, तिच्या एल१ आणि एल३ अशा पातळ्या आहेत. डिव्हाइस एल३ असेल तर बहुतेक सेवा एचडी देत नाहीत, कितीही पैसे भरलेले असोत. बूटलोडर उघडलेले (मूळ सॉफ्टवेअरचं कुलूप काढलेले) फोन आणि स्वस्तातले टीव्ही बॉक्स इथे अडकतात. डिव्हाइसची पातळी दाखवणारी अ‍ॅप मोफत मिळतात, बॉक्स परत करायची मुदत संपण्याआधी ती तपासा. संगणकावर ब्राउझरमध्येही सेवा दर्जा कमी ठेवतात, तिथे कंपनीचं अधिकृत अ‍ॅप असेल तर ते वापरून बघा.

४के येत नसेल तर एचडीएमआयची साखळी तपासा. बॉक्स, मधला साउंड रिसीव्हर आणि टीव्हीचा तो विशिष्ट पोर्ट, या तिघांनाही एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरची कॉपी रोखणारी यंत्रणा) चालायला हवं. एकही कडी जुनी असली तर चित्र खालच्या दर्जावर येतं किंवा काळं होतं. रिसीव्हर वगळून बॉक्स थेट टीव्हीला लावला की पाच मिनिटांत कळतं.

चेंडू धावताना झटके खात असेल तर फ्रेम रेट बघा. प्रक्षेपण सेकंदाला ५० फ्रेमचं आणि बॉक्स ६० हर्ट्झवर बांधलेला असला, की दर पाच फ्रेममधली एक दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा झटके. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ असतं, ते चालू करा. कस्टमर केअरला हा प्रश्न विचारला तर तेही कॅशेच साफ करायला सांगतील, म्हणून हे घरीच उरकलेलं बरं.

शेजाऱ्यांचा जल्लोष आधी ऐकू येतो, ही तक्रार पूर्ण मिटणारी नाही. तुकड्यांचे अठरा सेकंद, त्यात एन्कोडिंग आणि वाटप, असं करत उशीर अर्ध्या मिनिटावर सहज जातो. एक मात्र करता येतं: चित्र अडून पुन्हा सुरू झालं की अ‍ॅप तेवढं मागेच राहू शकतं. पडद्यावरचं ‘लाइव्ह’ बटण दाबलं की ते पुढे येतं. लाइन कच्ची असेल तर मुद्दाम मागेच राहा, साठा वाढतो आणि अडणं कमी होतं.

‘डिव्हाइसची मर्यादा ओलांडली’ आणि ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’

पहिला संदेश बहुतेक वेळा कुणी पासवर्ड चोरल्यामुळे येत नाही. सामना चालू असताना अ‍ॅप ठराविक अंतराने ‘मी अजून बघतोय’ असा इशारा सर्व्हरला देत असतं. टीव्ही थेट स्विचवरून बंद केला तर ‘बघणं संपलं’ हा निरोप जातच नाही आणि ती जागा काही मिनिटं अडून राहते. व्हिडिओतून ‘बॅक’ करून बाहेर पडायची सवय लावा. तरी जागा सुटत नसेल तर खात्याच्या पानावरून सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. हेही सामन्याआधी, गर्दीत नाही.

दुसऱ्या संदेशाची दोन कारणं असतात. एक, आपला आयपी पत्ता (इंटरनेटवर आपल्या जोडणीला मिळालेला क्रमांक) चुकीच्या ठिकाणी नोंदलेला असतो. घरच्या नेटवर हा संदेश येतो आणि मोबाईल डेटावर येत नाही, तर हेच समजा. आयपी पत्ता आणि वेळ लिहून इंटरनेट कंपनी आणि स्ट्रीमिंग कंपनी दोघांनाही कळवा, नोंद दुरुस्त होते. दोन, त्या सामन्याचे हक्कच कंपनीकडे नसतात. अमेरिकेत बेसबॉलच्या एमएलबी टीव्हीवर स्थानिक संघाचे सामने ब्लॅकआउट होत आले आहेत, इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण रोखलेलं असतं. यावर कस्टमर केअर काहीही करू शकत नाही. ‘सर्व सामने’ या शब्दांखालची बारीक अक्षरं, म्हणजे कोणत्या स्पर्धा, कोणत्या देशात, थेट की फक्त हायलाइट्स, ती पैसे भरण्याआधी वाचायची आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवायचा. पान नंतर बदललं तरी स्क्रीनशॉट बदलत नाही.

तक्रार अशी लिहा

सामना चालू असताना चॅटवर भांडण्यात अर्थ नाही. रांग सगळ्यात मोठी तेव्हाच असते आणि समोरचा त्या क्षणी काही दुरुस्त करू शकत नाही. तेव्हा फक्त तक्रार नोंदवा आणि तिकीट नंबर घ्या, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. सविस्तर दुसऱ्या दिवशी ईमेलने लिहा. एका तिकिटात एकच प्रश्न असू द्या. चित्र, पैसे आणि पासवर्ड एकत्र लिहिले की सर्वात सोप्याचं उत्तर देऊन तिकीट बंद होतं. मजकूर साधारण असा:

“तिकीट क्रमांक अमुक. सामना अमुक, तारीख अमुक, यूटीसी १५:१२ ते १५:३५. टीव्हीचं मॉडेल, त्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि अ‍ॅपची आवृत्ती सोबत दिली आहे. या २३ मिनिटांत चित्र सात वेळा गोठलं, दर वेळी दर्जा न घसरता. तोच सामना फोनवर १५:२० ला वाय-फायवर आणि १५:२६ ला मोबाईल डेटावर लावला, दोन्हीकडे तसंच झालं. त्या वेळचा आयपी पत्ता आणि पडद्यावरचा एरर कोड फोटोत आहे. कॅशे साफ करणं, अ‍ॅप पुन्हा टाकणं आणि टीव्ही रीस्टार्ट करणं आदल्या दिवशी झालेलं आहे. हे प्रकरण तांत्रिक विभागाकडे पाठवलं का, आणि कोणत्या तारखेला, एवढं कळवा.”

यात प्रत्येक वाक्याला काम आहे. यूटीसी म्हणजे जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ, तिच्यामुळे सर्व्हरची नोंद थेट शोधता येते. दोन नेटवर्कवरची चाचणी ‘तुमचं इंटरनेट तपासा’ हे उत्तर बंद करते. शेवटचा प्रश्न हो-नाहीचा असल्यामुळे त्यावर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे उत्तर होऊ शकत नाही. संताप लिहू नका, तो खरा असला तरी त्याने तांत्रिक विभागाला काही शोधता येत नाही. त्याच विषयावर तीन तिकिटं काढू नका. ती एकत्र केली जातात आणि कोणत्या तिकिटात काय लिहिलं यातच दोन दिवस जातात. चॅट संपवण्याआधी संपूर्ण संवाद स्वतःला ईमेल करा किंवा स्क्रीनशॉट घ्या, खिडकी बंद झाली की तो बऱ्याचदा हाती लागत नाही.

एरर कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, पण त्यात ४०३ दिसला तर परवानगी नाकारली आहे (हक्क, आयपी पत्ता किंवा लॉगिन), ४०४ दिसला तर मागितलेला तुकडा तिथे नाही, आणि ५०० च्या घरातला आकडा असेल तर सर्व्हरच कोलमडला आहे. शेवटच्या दोन्हींत आपल्या घराचा दोष सहसा नसतो.

भरपाई मागताना ‘योग्य ती भरपाई द्या’ असं मोघम लिहू नका. किती दिवस सेवा मिळाली नाही, त्याचे सबस्क्रिप्शनच्या प्रमाणात किती पैसे होतात, आणि ते परत हवेत की मुदत वाढवून हवी, हे स्पष्ट लिहा. दोष सगळ्यांनाच आलेला असेल तर भरपाई मिळायची शक्यता खूप वाढते. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात ऑस्ट्रेलियात ऑप्टस स्पोर्टची सेवा कोसळली, तेव्हा कंपनीने पैसे परत केले आणि सामने एसबीएस या सार्वजनिक वाहिनीवरही दाखवले गेले. म्हणून त्या दिवशी कंपनीने स्वतः दोष मान्य करणारी सूचना टाकली असेल तर तिचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

रद्द केलं, तरी पैसे का कापले

तुमच्या प्रश्नातले ‘वर्षाचं सबस्क्रिप्शन’ आणि ‘पुढच्या महिन्यात’ हे शब्द एकत्र वाचले की पहिला संशय एकाच गोष्टीचा येतो: वर्षाचा करार, पैसे महिन्याच्या हप्त्याने. ही योजना मासिक योजनेपेक्षा स्वस्त दिसते आणि पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी असतात. तिच्यात तिसऱ्या महिन्यात ‘रद्द’ दाबलं तर पुढच्या वर्षाचं नूतनीकरण थांबतं, उरलेले नऊ हप्ते चालूच राहतात. खरेदीच्या वेळी आलेली पावतीची ईमेल उघडा आणि त्यात ‘किमान मुदत’ किंवा ‘१२ महिन्यांची बांधिलकी’ अशा अर्थाचे शब्द आहेत का पाहा. असतील तर भांडण रद्द करण्याचं राहत नाही, सेवा नीट मिळाली नाही याचं होतं, आणि त्याला वरचे पुरावे लागतात.

ते शब्द नसतील तर बँकेच्या किंवा कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये पैसे नेमके कुणी कापले ते नाव वाचा. दारं चार असतात: स्ट्रीमिंग कंपनी स्वतः, अ‍ॅप स्टोअर, मोबाईल वा इंटरनेट कंपनीचा एकत्रित प्लॅन, आणि टीव्ही किंवा स्ट्रीमिंग स्टिक बनवणाऱ्याचं खातं. ज्या दारातून घेतलं त्याच दारातून रद्द होतं. आयफोनवरून घेतलं असेल तर अ‍ॅपलच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन, नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं, आणि पैसे परत द्यायचे की नाही हे अ‍ॅपल ठरवतं. गूगल प्लेचंही दार वेगळं आहे. स्ट्रीमिंग कंपनीच्या माणसाला ते व्यवहार मोडताच येत नाहीत, तो खोटं बोलत नसतो. अ‍ॅप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन कधीच रद्द होत नाही. खातं डिलीट केल्यानेही अ‍ॅप स्टोअरचे हप्ते थांबत नाहीत.

‘या ईमेलवर सबस्क्रिप्शनच नाही’ असं उत्तर आलं तर बहुधा आपली दोन खाती झालेली असतात. एकदा मोबाईल नंबरने लॉगिन, एकदा गूगल किंवा अ‍ॅपलच्या बटणाने. अ‍ॅपलचं ‘हाइड माय ईमेल’ वापरलं असेल तर कंपनीकडे भलताच पत्ता नोंदलेला असतो. पावती ज्या पत्त्यावर आली तो पत्ता आणि पावतीवरचा ऑर्डर क्रमांक द्या, खातं सापडतं.

रद्द केल्यावर दोन गोष्टी हातात हव्यात: ‘रद्द झालं’ ही ईमेल आणि खात्याच्या पानावरची सेवा संपण्याची तारीख. लॉगआउट करून पुन्हा आत जा. तिथे ‘पुढील पेमेंट’ असंच दिसत असेल तर प्रक्रिया अर्धवट राहिली आहे. बऱ्याच सेवा मध्ये सवलत दाखवणारी दोन-तीन पानं घालतात आणि शेवटचं बटण त्यांच्या खाली असतं.

कार्ड बदलून प्रश्न सुटेल असं समजू नका. व्हिसा आणि मास्टरकार्डकडे नव्या कार्डाचा तपशील व्यापाऱ्याला आपोआप कळवण्याची सोय आहे, त्यामुळे जुनं कार्ड बंद झालं तरी हप्ता नव्यावर येऊ शकतो. रद्द केल्याचा पुरावा असूनही पैसे कापले आणि कंपनीने लेखी मागणीला दाद दिली नाही, तर बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. कार्डाच्या नियमांत ‘रद्द केलेला आवर्ती व्यवहार’ हे त्यासाठीचं स्वतंत्र कारण आहे. मुदत बहुतेक प्रकरणांत १२० दिवसांची असते, पण बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते, म्हणून महिनाभरात अर्ज करा. सोबत रद्द केल्याची ईमेल, त्यानंतरच्या तारखेचं स्टेटमेंट आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, एवढी तीनच कागदं लावा. चार्जबॅक केला की कंपनी बहुधा ते खातं बंद करते, तेव्हा त्या खात्यावर चालू असलेलं दुसरं काही असेल तर आधी सोडवून घ्या.

आणि पुन्हा सबस्क्रिप्शन घ्यायची वेळ आली तर आधी एक महिन्याचं घ्या, तेही त्या महिन्यात गर्दीचा एखादा मोठा सामना असेल असं बघून. साध्या दुपारच्या सामन्यात सगळ्याच सेवा चांगल्या चालतात. वार्षिक घ्यायचं तर हंगाम सुरू होताना घ्या. मध्येच घेतलेलं वर्ष पुढच्या हंगामाच्या ऐन मध्यावर संपतं आणि अंतिम टप्प्यासाठी दुसऱ्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. नूतनीकरणाच्या तारखेच्या तीन दिवस आधीची आठवण फोनमध्ये त्याच दिवशी लावून टाका.